पहिल्या हजची शाळा : नागपूर ते मक्का

इस्लामने मुसलमानावर जी पाच मूलभूत कर्तव्ये बंधनकारक मानली आहेत, त्यांपैकी कलमा, नमाज, रोजे आणि जकात ही चार आयुष्यभर पुन्हा पुन्हा पार पाडायची असतात. पाचवे कर्तव्य म्हणजे हज मात्र, ज्याला शरीराने आणि पैशाने तो प्रवास झेपतो अशा प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषावर, आयुष्यात एकदाच बंधनकारक आहे. नमाज चुकली तर ती पुन्हा अदा करता येते, रोजा सुटला तर तो नंतर धरता येतो. हजची वेळ मात्र वर्षातून एकदाच येते आणि सामान्य ऐपतीच्या माणसाच्या आयुष्यातही ती बहुधा एकदाच येते. म्हणून विदर्भातल्या विणकर, शेतकरी, शिक्षक किंवा किरकोळ दुकानदार कुटुंबातील माणसाच्या बाबतीत पहिला हज हाच शेवटचा हज ठरतो. ज्या विधींचा सराव आधी कधीच झालेला नाही आणि जे पुढे पुन्हा करायला मिळणार नाहीत, ते विधी लाखोंच्या गर्दीत, परक्या भाषेच्या प्रदेशात आणि ठरलेल्या घटकेला बिनचूक पार पाडावे लागतात, हीच पहिल्या हजची खरी कसोटी होय.

ही कसोटी नागपूरला चांगली परिचित आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी ज्या गोंड राजाने हे शहर वसवले, त्या बख्त बुलंद शाहाने इस्लाम स्वीकारला होता. पुढे भोसल्यांच्या राजवटीत आणि 1821 मध्ये वसलेल्या कामठीच्या छावणीच्या आधाराने उत्तरेकडील विणकर, शिपाई आणि कारागीर येथे येऊन स्थिरावले. मोमिनपुऱ्यातील हातमागांची वस्ती, कामठीत 1861 मध्ये जन्मलेल्या ताजुद्दीन बाबांचा उमरेड मार्गावरील ताजबाग दर्गा आणि भालदारपुऱ्यातील हज हाऊस ही या शहराच्या मुस्लिम जीवनाची तीन ठळक ठिकाणे आहेत. हजच्या हंगामात यांपैकी तिसऱ्याला सर्वाधिक महत्त्व येते, कारण विदर्भातून आणि शेजारच्या राज्यांच्या काही भागांतून आलेले यात्रेकरू तेथे उतरतात, तेथेच त्यांचे कागद आणि सामान तपासले जाते आणि तेथूनच ते सोनेगावच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळाकडे निघतात.

बोटीवरचे दिवस

नागपूरच्या माणसाला मक्का पाच-सहा तासांच्या अंतरावर आली, ही घटना फार जुनी नाही. मुघल काळात सुरत बंदराला मक्केचे द्वार म्हटले जाई आणि मध्य भारतातून तेथवर पोहोचायलाच कित्येक आठवडे लागत. 1867 मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरपर्यंत आला, 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला, आगबोटी वाढल्या आणि मुंबई हे हिंदुस्थानी यात्रेकरूंचे प्रमुख बंदर बनले. त्याआधीच, 1863-64 मध्ये, भोपाळच्या नवाब सिकंदर बेगम यांनी मोठ्या लवाजम्यासह हज केला होता आणि त्या प्रवासाचा वृत्तांतही लिहिला होता. मध्य भारतातील एका स्त्रीने केलेली ही नोंद त्या काळच्या प्रवासातील अडचणींची कल्पना देते. 1865 मध्ये मक्केत कॉलऱ्याची मोठी साथ पसरल्यानंतर यात्रेकरूंच्या आरोग्याचा प्रश्न आंतरराष्ट्रीय झाला आणि पुढे तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर त्यांना विलग ठेवण्याची व्यवस्था उभी राहिली. ब्रिटिश सरकारने 1886 मध्ये यात्रेकरूंच्या प्रवासाचे काम थॉमस कुक या कंपनीकडे सोपवून पाहिले. नंतरच्या काळात मोगल लाइनच्या बोटी आणि मुंबईतील क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दिक मुसाफिरखाना ही नावे हजशी घट्ट जोडली गेली. स्वातंत्र्यानंतर 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने हज यात्रेकरूंसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या वेगळ्या नोटाही काढल्या होत्या.

या इतिहासातील एक गोष्ट पहिल्या हजच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. मुंबईहून जेद्दाला जाणारी बोट आठवडाभर, कधी त्याहून अधिक काळ समुद्रावर असे, आणि तो काळ यात्रेकरूंसाठी शाळेसारखा ठरे. बोटीवरचे मौलवी आणि आधी हज करून आलेली वडीलधारी माणसे नवख्यांना एहराम हा यात्रेचा वेष कसा बांधावा, कोणता विधी कोणत्या दिवशी येतो आणि कोणत्या चुकीला कोणता दंड आहे, हे रोज नमाजनंतर समजावून सांगत. जे आज विसरले ते उद्या पुन्हा विचारता येई. 1995 मध्ये मुंबई-जेद्दा बोटी बंद झाल्या आणि हा शिकण्याचा अवकाशही संपला. विमानाने प्रवासाचा काळ तासांवर आणला, विधींची संख्या आणि त्यांतील बारकावे मात्र होते तेवढेच राहिले. बोटीने जे आठवडाभरात शिकवले ते आता घर सोडण्याआधीच शिकून घ्यावे लागते, आणि ही जबाबदारी नागपूरसारख्या प्रस्थानाच्या शहरावर येऊन पडली आहे.

अर्ज, सोडत आणि हिशेब

सरकारी व्यवस्थेतून होणारा हज 2002 च्या हज समिती कायद्याखाली स्थापन झालेली भारतीय हज समिती चालवते. तिचे कार्यालय मुंबईत आहे आणि राज्य पातळीवर राज्य हज समित्या तिला साहाय्य करतात. सौदी अरेबिया दर वर्षी प्रत्येक देशाचा कोटा ठरवतो. 2024 साठी भारताचा कोटा 1,75,025 होता आणि त्यातील 1,40,020 जागा हज समितीकडे, तर उरलेल्या खासगी सहल कंपन्यांकडे होत्या. अर्ज जागांपेक्षा अधिक आले की सोडत निघते, तिला यात्रेकरू कुर्रा म्हणतात. एकत्र अर्ज करणाऱ्या कुटुंबाला किंवा सोबत्यांना मिळून एक कव्हर क्रमांक मिळतो आणि पुढच्या सगळ्या प्रवासात तो क्रमांक हीच त्यांची ओळख असते. खर्च प्रस्थानाच्या शहरानुसार बदलतो आणि अलीकडच्या वर्षांत तो माणशी साडेतीन ते चार लाख रुपयांच्या घरात गेला आहे. विमानभाड्यावरील अनुदान टप्प्याटप्प्याने दहा वर्षांत संपवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये दिला आणि 2018 पासून ते पूर्ण बंद झाले, त्यामुळे यातील प्रत्येक रुपया यात्रेकरूचा स्वतःचा असतो. करोनाच्या काळात प्रस्थानस्थळे दहावर आणली गेली तेव्हा नागपूर त्या यादीतून गळले होते. 2023 मध्ये ते पुन्हा यादीत आले आणि विदर्भातील वृद्धांची मुंबईपर्यंतची वेगळी धावपळ वाचली.

पैशाच्या हिशेबाबरोबर दुसरा एक हिशेबही चुकता करायचा असतो. हजला निघणाऱ्याने कर्ज फेडावे, कोणाची ठेव असल्यास ती परत करावी, मागे राहणाऱ्या कुटुंबाच्या खर्चाची तरतूद करावी आणि ज्याचे मन दुखावले असेल त्याची माफी मागावी, असा दंडक आहे. म्हणून प्रस्थानाच्या आधीच्या दिवसांत मोमिनपुऱ्यातील किंवा कामठीतील यात्रेकरू नातलगांच्या, शेजाऱ्यांच्या आणि जुन्या व्यवहारातील माणसांच्या घरी जाऊन ‘कहा-सुना माफ करना’ असे म्हणतो आणि समोरचा ‘दुआ में याद रखना’ म्हणून त्याला निरोप देतो. शेजारची हिंदू कुटुंबेही हार घेऊन येतात आणि आपल्या घरच्या आजाऱ्यासाठी दुआ मागायला सांगतात. वरवर रीतीचा वाटणारा हा निरोप वास्तविक हजचा पहिला विधी आहे, कारण ज्याच्यावर दुसऱ्याचे देणे आहे त्याने आधी ते फेडावे आणि मग देवाच्या घराकडे निघावे, ही त्यामागची धारणा आहे.

पुठ्ठ्याचा काबा आणि दोन चादरी

प्रस्थानापूर्वी यात्रेकरूंसाठी प्रशिक्षण शिबिरे भरतात आणि त्यांत शिकवण्याची रीत साधी आहे. सभागृहाच्या मधोमध काळ्या कापडाने मढवलेली, मक्केतील काबा या पवित्र वास्तूची लाकडी किंवा पुठ्ठ्याची प्रतिकृती ठेवतात, तिच्या एका कोपऱ्यावर हजर-ए-अस्वद म्हणजे काळ्या दगडाची खूण करतात आणि प्रशिक्षक यात्रेकरूंना तिच्याभोवती फिरवतात. काबा डाव्या खांद्याकडे ठेवून, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सात फेरे घालायचे, याला तवाफ म्हणतात. महाराष्ट्रातील माणसाच्या डोळ्यांना देवळातील उजवी प्रदक्षिणा सवयीची असल्याने ही उलट दिशा पायांना शिकवावीच लागते. फेऱ्यांची मोजणी गर्दीत चुकू नये म्हणून अनेकजण सात मण्यांची छोटी माळ जवळ ठेवतात आणि प्रत्येक फेऱ्याला एक मणी सरकवतात.

शिबिरात सर्वाधिक वेळ एहरामवर खर्च होतो. एहराम या शब्दाचा अर्थ काही गोष्टी स्वतःवर निषिद्ध करून घेणे असा आहे. व्यवहारात मात्र त्या अवस्थेत पुरुषाने नेसायच्या दोन न शिवलेल्या पांढऱ्या वस्त्रांनाही एहराम म्हणतात. एक वस्त्र कमरेभोवती गुंडाळायचे, त्यावर पैसे आणि कागद ठेवण्याचा खिसा असलेला पट्टा आवळायचा आणि दुसरे खांद्यांवरून घ्यायचे. लुंगी नेसण्याची सवय असलेल्याला हे जमते. आयुष्यभर पँट घातलेल्या माणसाचे वस्त्र जिन्यावर चढताना सुटते, म्हणून चालणे, बसणे आणि वजू, म्हणजे नमाजपूर्वी हातपाय धुणे, या सगळ्याचा सराव एहराममध्येच करून घेतला जातो. स्त्रियांना वेगळे वस्त्र नाही. त्यांनी नेहमीचे शिवलेले, अंग झाकणारे कपडे घालायचे आणि चेहऱ्याला कापड लागू द्यायचे नाही. एहराम बांधल्यावर सुगंध, नखे किंवा केस कापणे, शिकार, वैवाहिक संबंध आणि भांडणतंटा या गोष्टी निषिद्ध होतात. सुगंधी साबण आणि तेलही त्यात येते, याची आठवण प्रशिक्षकांना पुन्हा पुन्हा द्यावी लागते, कारण ही चूक बेसावधपणेच होते.

एहराम कोठे बांधायचा, हा नवख्याचा पहिला गोंधळ असतो. मक्केच्या चारही दिशांना मीकात नावाच्या सीमा ठरलेल्या आहेत आणि हजला जाणाऱ्याने एहरामशिवाय ती सीमा ओलांडू नये, असा नियम आहे. भारताच्या बाजूची मीकात यलमलम ही असून जेद्दाकडे जाणारे विमान तिच्या रेषेवरून काही क्षणांत निघून जाते; म्हणून जेद्दाला उतरणारे यात्रेकरू नागपूरहूनच वस्त्रे नेसून निघतात आणि विमानात सूचना मिळताच नियत, म्हणजे संकल्प करून, ‘लब्बैक’, म्हणजे हजर आहे, हा घोष सुरू करतात. ज्यांचे विमान आधी मदीनेला जाते, त्यांनी मात्र नागपुरात एहराम बांधायचा नसतो. मदीनेतील मुक्काम संपवून मक्केकडे निघताना वाटेतील जुल-हुलैफा येथे त्यांचा एहराम सुरू होतो. मदीनेतील प्रेषितांच्या मशिदीचे दर्शन मुसलमानाला अत्यंत प्रिय असले तरी ते हजच्या विधींचा भाग नाही, हेही पहिल्यांदा जाणाऱ्याला सांगावे लागते.

उमरा आणि हजचे पाच दिवस

भारतातील बहुसंख्य यात्रेकरू तमत्तो या प्रकारचा हज करतात. त्यात आधी उमरा, म्हणजे छोटी यात्रा करून एहराम सोडायचा आणि हजचे दिवस आले की मक्केतच पुन्हा एहराम बांधायचा असतो. उमऱ्यात तवाफनंतर मकाम-ए-इब्राहीमजवळ दोन रकात नमाज पढून झमझमचे पाणी प्यायचे आणि सफा व मरवा या टेकड्यांमध्ये सात खेपा घालायच्या असतात. या खेपांना सई, म्हणजे धडपड, असे नाव आहे. तान्ह्या इस्माईलसाठी पाण्याच्या शोधात त्याची आई, प्रेषित इब्राहीमची पत्नी हजरा, या दोन टेकड्यांमध्ये धावली, या कथेची ती आठवण आहे. एका आईची पाण्यासाठीची वणवण कोट्यवधी माणसे शतकानुशतके पायांनी पुन्हा जगत आली आहेत, याचे मोल उन्हाळ्यात घागरी घेऊन कोसभर चालणाऱ्या विदर्भातील बाईला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. एक खेप सुमारे 450 मीटरची असल्याने सात खेपा मिळून तीन किलोमीटरहून थोडे अधिक चालणे होते. ही वाट आता छताखाली आणि संगमरवराची आहे, तरी साठीच्या गुडघ्यांना ती लांबच वाटते. सईनंतर पुरुषांनी मुंडण करायचे किंवा केस आखूड करायचे आणि स्त्रियांनी केसांचे टोक बोटाच्या पेरभर कापायचे, की उमरा पूर्ण होतो.

हजचे मुख्य दिवस इस्लामी वर्षातील जिल्हज महिन्याच्या आठव्या तारखेला सुरू होतात. त्या दिवशी यात्रेकरू मक्केजवळील मीनाच्या तंबूंत येतात. 1997 मध्ये तेथे आग लागून शेकडो माणसे मृत्युमुखी पडल्यानंतर तंबू अग्निरोधक करण्यात आले. नवव्या तारखेला सगळे मक्केपासून सुमारे 20 किलोमीटरवरील अरफातच्या मैदानात जातात आणि दुपार कलल्यापासून सूर्यास्तापर्यंत तेथे थांबून दुआ मागतात. या थांबण्याला वुकूफ म्हणतात आणि तोच हजचा प्राण आहे. बाकी अनेक चुकांना दम, म्हणजे प्राण्याच्या कुर्बानीचा दंड देऊन भरपाई करता येते. अरफातचा वुकूफ चुकला तर मात्र हजच होत नाही, मग माणूस मक्केत कितीही दिवस राहिलेला असो. प्रेषित मुहंमद यांनी इ. स. 632 मध्ये केलेल्या आपल्या अखेरच्या हजमध्ये याच मैदानात जनसमुदायाला उद्देशून प्रवचन दिले होते.

सूर्यास्तानंतर मगरिबची नमाज अरफातमध्ये न पढता सगळा समुदाय मुझदलिफाकडे निघतो, तेथे मगरिब आणि इशा या दोन्ही नमाजा एकत्र पढतो, उघड्या आकाशाखाली रात्र काढतो आणि दुसऱ्या दिवसासाठी खडे वेचतो. खडा हरभऱ्याच्या दाण्याहून किंचित मोठा असावा, असे सांगितले जाते. मोठा दगड फेकल्याने पुण्य वाढत नाही, उलट पुढच्या माणसाला इजा होते, हे शिबिरात बजावून सांगतात. दहाव्या तारखेला मीनातील मोठ्या जमऱ्यावर, म्हणजे सैतानाचे प्रतीक मानलेल्या स्तंभावर, सात खडे मारायचे, मग कुर्बानी, मग मुंडण आणि मग काब्याचा तवाफ-ए-जियारत, असा क्रम आहे. अकराव्या आणि बाराव्या तारखेला दुपार कलल्यावर तिन्ही जमऱ्यांवर सात-सात खडे मारायचे असतात, म्हणजे एकूण 49 खडे लागतात. तेरावी तारीखही मीनात उजाडली तर त्यांची संख्या 70 होते. ज्या सैतानाने इब्राहीमला पुत्राच्या बलिदानाच्या परीक्षेतून परावृत्त करू पाहिले, त्याला दिलेल्या नकाराचे हे प्रतीक आहे आणि प्रशिक्षक त्याचा अर्थ आपल्याच मनातील मोहाला मारलेला खडा असा सांगतात.

क्रमाचा प्रश्न

नागपूरचे बहुसंख्य मुसलमान धर्मशास्त्राच्या हनफी परंपरेचे आहेत, तर सौदी अरेबियातील व्यवहार मुख्यतः हंबली परंपरेने चालतो, आणि या दोहोंतील बारीक फरक पहिल्यांदा जाणाऱ्याला ऐन विधीच्या वेळी गाठतात. दहाव्या तारखेचा क्रम हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. हनफी परंपरेचे प्रवर्तक इमाम अबू हनीफांच्या मते तमत्तो हज करणाऱ्याने खडे मारणे, कुर्बानी आणि मुंडण हा क्रम पाळणे आवश्यक आहे आणि तो मोडल्यास दम द्यावा लागतो. त्यांचेच शिष्य अबू युसुफ आणि मुहंमद हा क्रम सुन्नत, म्हणजे पाळलेला बरा, असा मानतात. पूर्वी माणूस कुर्बानी स्वतः करीत असे किंवा ती डोळ्यांसमोर होत असे. 1983 पासून कुर्बानीची मोठी संघटित व्यवस्था उभी राहिली आणि आता यात्रेकरू पैसे भरतो, कुर्बानी दूरच्या कत्तलखान्यात होते आणि मांस गरजूंपर्यंत पोहोचवले जाते. अशा वेळी आपली कुर्बानी झाली की नाही हे कळल्याशिवाय मुंडण कसे करावे, या विवंचनेत अनेक वृद्ध यात्रेकरू तंबूत तासन्‌तास एहराममध्ये बसून राहतात. कुर्बानीची वेळ आधी विचारून ठेवणे आणि कोणते मत कोणत्या अडचणीत स्वीकारता येते हे आपल्या आलिमाकडून, म्हणजे धर्मपंडिताकडून, नागपुरातच समजून घेणे, एवढ्या तयारीने ही विवंचना टळते.

अरफातमधील दुपारच्या नमाजांचेही असेच आहे. नमीरा मशिदीतील इमामामागे जोहर आणि अस्र एकत्र पढल्या जातात. हनफी मतानुसार तंबूत स्वतंत्र नमाज पढणाऱ्याने त्या आपापल्या वेळीच पढाव्यात. शेजारच्या तंबूतील लोक वेगळे करताना दिसले की नवखा गोंधळतो आणि कधी वाद घालतो. एहराममध्ये भांडण निषिद्ध आहे, एवढे स्मरण ठेवले तरी तो वाद तेथेच संपायला हवा.

स्त्रियांपुढील प्रश्नांची चर्चा पूर्वी दबक्या आवाजात होई. मासिक पाळीच्या दिवसांत स्त्री मीना, अरफात आणि मुझदलिफाचे सर्व विधी करू शकते, केवळ नमाज आणि तवाफ करू शकत नाही. तिचा तवाफ-ए-जियारत पाळी संपेपर्यंत लांबला तरी त्याचा दंड नाही आणि निघताना पाळी असेल तर निरोपाचा तवाफ तिला माफ आहे. हे आधी माहीत नसलेली स्त्री आपला हज बुडाला असे समजून रडत बसते. सरकारी व्यवस्थेत 2018 पासून 45 वर्षांवरील स्त्रियांना मेहरम, म्हणजे ज्याच्याशी विवाह निषिद्ध आहे असा पुरुष नातलग, सोबत नसताना चौघींच्या गटाने जाण्याची मुभा मिळाली आणि 2023 मध्ये एकट्या स्त्रीचा अर्जही स्वीकारला जाऊ लागला. त्या वर्षी देशभरातून 4,000 हून अधिक स्त्रिया मेहरमशिवाय हजला गेल्या. याविषयी आलिमांमध्ये मतभेद आहेत, पण ज्या विधवेला किंवा निपुत्रिक स्त्रीला सोबतच कोणी नाही तिच्यासाठी दार उघडले, ही गोष्ट मोलाची आहे. अशा स्त्रियांना स्त्री प्रशिक्षकच हवी, याबाबत दुमत असू नये.

दोन गावांचे एकच ऊन

इस्लामी वर्ष चांद्र असल्याने हज दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. 2024 मध्ये तो जूनच्या मध्यावर होता, 2025 मध्ये जूनच्या पहिल्या आठवड्यात होता आणि 2026 मध्ये तो मेच्या अखेरीस, म्हणजे विदर्भ ज्याला नवतपा म्हणतो त्या दिवसांत येतो. नागपूरकराला 45 अंशांचे ऊन नवे नाही. कांदा, पन्हे, डोक्यावरचा ओला दुपट्टा आणि दुपारी बाहेर न पडण्याचे शहाणपण त्याला घरातूनच मिळालेले असते. अडचण अशी की एहराममध्ये पुरुषाला डोके झाकता येत नाही आणि अरफातची दुपार टाळता येत नाही. छत्री धरता येते, तंबूच्या सावलीत बसून केलेला वुकूफही पूर्ण मानला जातो आणि जबल-ए-रहमत या टेकडीवर चढण्याची कोणतीही सक्ती नाही. तरीही उत्साहाच्या भरात उन्हात चालत राहणारे कमी नसतात. 2024 मध्ये मक्केत तापमान 50 अंशांच्या वर गेले आणि 1,300 हून अधिक यात्रेकरू मृत्युमुखी पडले. त्यांतील बहुतेक परवान्याशिवाय आलेले, म्हणून तंबू आणि वाहनाची सोय नसलेले होते, असे सौदी सरकारने जाहीर केले. त्या वर्षी सुमारे 18 लाख 33 हजार लोकांनी अधिकृत हज केला.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. अधिकृत परवान्याशिवाय, कोणा दलालाच्या शब्दावर हजला जाणे जिवावर बेतते. आणि परवाना असला तरी शरीर तयार हवे : मेंदुज्वराची लस सक्तीची आहे, मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाला पुरतील एवढ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह जवळ हव्यात, आणि निघण्यापूर्वी दोन-तीन महिने अंबाझरी किंवा फुटाळा तलावाच्या काठावर रोज पाच-सहा किलोमीटर चालण्याची सवय हवी. यात्रेकरूच्या मनगटातील पोलादी कड्यावर त्याचा क्रमांक कोरलेला असतो, गळ्यात सौदी सरकारचे नुसुक कार्ड असते. तरी हरवलेल्या वृद्धाला आपल्या इमारतीचा क्रमांक तोंडपाठ असणे हाच सर्वांत मोठा आधार ठरतो.

आपल्या भाषेत मागितलेली दुआ

पहिल्यांदा जाणाऱ्याला सर्वाधिक धाक वाटतो तो अरबी दुआंचा. प्रत्येक फेऱ्यासाठी वेगळी दुआ छापलेल्या पुस्तिका हातात घेऊन चालणारे यात्रेकरू समोर बघायचे विसरतात, धक्के खातात आणि पान चुकले की घाबरतात. वस्तुतः तवाफच्या फेऱ्यांसाठी कोणतीही ठरावीक दुआ बंधनकारक नाही. नमाज अरबीत पढायची असली तरी तवाफमध्ये आणि अरफातमध्ये माणूस आपल्या भाषेत जे मनात येईल ते मागू शकतो. यवतमाळच्या एखाद्या खेड्यातील शेतकरीण वऱ्हाडीत पावसासाठी, मुलाच्या नोकरीसाठी आणि शेजारणीच्या लेकीच्या लग्नासाठी मागते, तेव्हा तिच्या हजमध्ये काहीही उणे राहत नाही.

ग्रामीण विदर्भातील अनेक मुस्लिम कुटुंबांतील मुले मराठी शाळांत शिकून मोठी झाली आहेत. त्यांना उर्दू समजते, पण नस्तालिक लिपी सफाईने वाचता येतेच असे नाही. शिबिरांतील बोलणे उर्दू-हिंदीत, पुस्तिका उर्दूत आणि मोबाइलवरील सूचना इंग्रजीत अशा व्यवस्थेत हा माणूस तोंडी ऐकलेल्यावर विसंबतो आणि ऐन वेळी शेजाऱ्याकडे बघून विधी करतो. पाच दिवसांचा क्रम, एहराममधील निषेध, दमची कारणे आणि स्त्रियांसाठीचे नियम देवनागरीत, साध्या मराठीत छापलेली दहा-बारा पानांची पुस्तिका प्रत्येक यात्रेकरूच्या हाती प्रस्थानाच्या दोन महिने आधी पडली पाहिजे. हे काम मोठ्या खर्चाचे नाही. मशिदींच्या समित्या, आलिम आणि आधी हज करून आलेले शिक्षक एकत्र बसले तर एका महिन्यात होण्यासारखे आहे.

हजहून परतलेला माणूस झमझमचे पाणी आणि खजूर वाटतो, लोक त्याला हाजी आणि तिला हज्जन म्हणू लागतात, आणि त्या नावाची जबाबदारी पुढे आयुष्यभर वागवावी लागते. त्या जबाबदारीत एका गोष्टीची भर घालणे योग्य ठरेल. बोटीवर जुना हाजी नव्याला शिकवीत असे. ती बोट आता सुटत नाही. म्हणून नागपुरात, कामठीत, अमरावतीत किंवा अचलपुरात परतलेल्या प्रत्येक हाजीने पुढच्या वर्षी निघणाऱ्या एका तरी माणसाला आपल्या अंगणात बसवून, एहराम नेसण्यापासून शेवटच्या तवाफपर्यंतचा सगळा क्रम त्याच्या भाषेत शिकवावा.